राजकीय उपहासाची श्रुतिका: नेत्याचा आवाज आणि सत्तेची रीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या गटानं अर्ध्या तासाची राजकीय उपहासाची श्रुतिका केली. काल्पनिक राज्याचे मुख्यमंत्री, त्यांचा सचिव आणि दोन पत्रकार अशी मुख्य पात्रं. मुख्यमंत्र्यांचं काम करणारा नट एका खऱ्या नेत्याचा आवाज हुबेहूब काढतो. तालमीत सगळे पोट धरून हसले, पण ध्वनिमुद्रण बाहेरच्या लोकांना ऐकवलं तेव्हा पाच-सात मिनिटांत त्यांचं लक्ष उडालं. असं का झालं, खरी नावं घ्यावीत का आणि ध्वनीच्या अंगानं आणखी काय करता येईल, हे तुम्हाला हवं आहे.

तालमीत लोक हसले कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा मित्र उभा होता. ओळखीचा चेहरा आणि त्यातून निघणारा भलत्याच माणसाचा आवाज, ही विसंगती बघण्याची होती. मुद्रणात चेहरा गेला आणि ती विसंगतीही गेली. उरला फक्त आवाज. आवाज ओळखल्याचा आनंद कानाला एकदाच होतो, फार तर पहिली दोन मिनिटं पुरतो. त्यानंतर श्रोता वाक्यं ऐकायला लागतो. तुमच्या संहितेतल्या मुख्यमंत्र्यांची वाक्यं मी वाचली. त्यांत त्या नेत्याच्या लकबी आहेत, गाजलेल्या चुका आहेत, पण तो माणूस सत्ता कशी चालवतो ते कुठेच ऐकू येत नाही.

माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे. श्रुतिकेत उपहास टिकतो तो सत्तेची विचार करण्याची रीत पकडली की. ती रीत पूर्ण गांभीर्यानं मांडायची आणि तिच्याच तर्कानं ती जिथवर जाते तिथवर जाऊ द्यायची. आवाजाची नक्कल त्याला जोड म्हणून चालते. तिच्या भरवशावर अर्धा तास निघत नाही.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण कॅनडातलं आहे. ३० मे १९५४ रोजी कॅनेडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननं, म्हणजे सीबीसीनं, 'द इन्व्हेस्टिगेटर' ही श्रुतिका प्रसारित केली. लेखक रूबेन शिप, दिग्दर्शक अँड्र्यू ॲलन, मुख्य भूमिकेत जॉन ड्रेनी. शिप मूळचे माँट्रिअलचे. हॉलिवुडला जाऊन ते तिथल्या रेडिओसाठी विनोदी मालिका लिहीत होते. १९५१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करणाऱ्या समितीपुढे त्यांना उभं राहावं लागलं आणि १९५३ मध्ये त्यांची कॅनडात हकालपट्टी झाली. चौकशी समितीचा कारभार त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलला होता. प्रश्न कसा विचारला जातो, उत्तर नोंदवताना त्याचं काय होतं, हे त्यांना पाठ होतं. वर्षभरात त्यांनी जे लिहिलं ते सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावर होतं. कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसांना चौकशीला उभं करण्यासाठी हे मॅकार्थी गाजले होते. मॅकार्थी सिनेटचे, शिप यांची चौकशी झाली ती समिती प्रतिनिधिगृहाची. पण दोन्हीकडची रीत एकच होती.

प्रसारणाची वेळ बघा. अमेरिकी सैन्यदल आणि मॅकार्थी यांच्यातल्या वादाची सुनावणी २२ एप्रिल १९५४ ला सुरू झाली आणि १७ जूनपर्यंत चालली. ती टेलिव्हिजनवरून थेट दाखवली जात होती. म्हणजे श्रुतिका लागली तेव्हा सुनावणी ऐन भरात होती. मॅकार्थींचा सपाट, रेटत जाणारा सूर, मध्येच हरकतीचा मुद्दा काढून दुसऱ्याला तोडण्याची सवय, हे लाखो लोकांच्या कानात ताजं होतं. ड्रेनींनी तो सूर अचूक उचलला. नक्कल तिथेही होती आणि ती उत्तम होती. पण श्रुतिकेत मॅकार्थी हे नाव एकदाही येत नाही. पात्राला नावच नाही. तो फक्त 'इन्व्हेस्टिगेटर', चौकशी अधिकारी.

कथा अशी. चौकशी अधिकारी विमान अपघातात मरतो आणि 'वर', म्हणजे स्वर्गात, पोचतो. तिथे कायमच्या प्रवेशाआधी एका समितीपुढे जावं लागतं. तिथे त्याला भेटतात तोर्केमादा, टायटस ओट्स, न्यायाधीश जेफ्रीज आणि कॉटन मेदर. तोर्केमादा हा पंधराव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मन्यायालयाचा प्रमुख. ओट्सनं १६७८ मध्ये इंग्लंडमध्ये कॅथलिकांच्या कटाची खोटी कहाणी रचून माणसं फासावर चढवली. जेफ्रीजनं इंग्लंडमधल्याच १६८५ च्या बंडानंतर देहदंडाचा सपाटा लावला. मेदर हा अमेरिकेतल्या सेलम गावी चेटकीण ठरवून माणसांवर खटले चालले त्या काळातला धर्मोपदेशक. ही चौकडी नव्या पाहुण्याचं कौतुक करते, कारण तो त्यांच्याच धंद्यातला आहे आणि त्यानं धंदा पुढे नेला आहे. त्यांच्या मदतीनं तो समितीचा ताबा घेतो आणि आधीपासून 'वर' राहत असलेल्यांची फेरतपासणी सुरू करतो. सॉक्रेटिस, इंग्रज कवी मिल्टन, अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन एकेक करून समोर येतात आणि एकेकाची 'खाली' रवानगी होते.

या रचनेत शिप यांनी किती गोष्टी एका दमात साधल्या ते पाहा. सुनावणी हा प्रकार जन्मतःच श्राव्य आहे. एका वेळी एकच माणूस बोलतो. प्रत्येकाला नावानं पुकारलं जातं. कागद मोठ्यानं वाचले जातात. कोण कोणाला काय विचारतंय हे सांगायला निवेदक लागत नाही. रंगमंचावर सुनावणी दाखवली की दहा मिनिटांत बघणाऱ्याला कंटाळा येतो, कारण सगळे बसलेले असतात. रेडिओवर बसलेले असले काय, उभे असले काय! दुसरं म्हणजे स्वर्ग. नाटक कंपनीला स्वर्ग उभा करायला नेपथ्य, कापड, धूर लागेल आणि तरी तो पौराणिक नाटकासारखाच दिसेल. श्रुतिकेत एका वाक्यात सॉक्रेटिस आणि जेफरसन एका दालनात येतात आणि कान कुरकुर करत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तोर्केमादा आणि ओट्स यांच्यामुळे रोख एका सिनेटरवरून उठून त्याच्या पद्धतीवर जातो. संशय हाच पुरावा, ओळख हाच गुन्हा, आणि उत्तर काहीही दिलं तरी माणूस अडकेल असा प्रश्न: ही रीत चारशे-पाचशे वर्षांची आहे, हे एकही भाषण न करता श्रोत्याला कळतं.

त्यातला कार्ल मार्क्सचा प्रसंग तर प्रत्येक नवशिक्या लेखकानं ऐकावा. अधिकाऱ्याला कार्ल मार्क्स हवा आहे. पुकारा होतो. पण 'वर' त्या नावाची माणसं एकाहून जास्त आहेत. पोटापाण्याचा साधा धंदा केलेली, राजकारणाशी काडीचा संबंध नसलेली माणसं, फक्त नाव तेच. त्यातला 'तो' कोणता हे ठरत नाही. मग अधिकारी निर्णय देतो की सगळ्याच कार्ल मार्क्सना हद्दपार करा. या निर्णयात वेडेपणा नाही. यादी आहे, नाव आहे, शंका आहे, आणि शंकेचा निपटारा करण्याची जबाबदारी आहे. प्रत्येक पायरी कागदोपत्री बरोबर आहे, आणि सगळ्या पायऱ्या चढून गेल्यावर जे दिसतं ते भयंकर आहे. हसू आणि भीती एकाच क्षणी येते. राजकीय उपहासाला याहून जास्त काही साधायचं नसतं.

त्याच श्रुतिकेतले थोर पुरुषांचे प्रसंग मला तितके पटत नाहीत, हेही सांगतो. जेफरसन किंवा मिल्टन यांचेच गाजलेले विचार त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून येतात. कल्पना चोख आहे, पण ही माणसं बोलायला लागली की बोलणं वचनांकडे झुकतं. एक थोर गेला, दुसरा आला, तो तितक्याच उदात्त आवाजात बोलला. तिथे नाट्य थांबतं आणि वेच्यांचं वाचन सुरू होतं. मार्क्सच्या प्रसंगात मात्र छोटी माणसं आहेत, त्यांना आपलं काय चुकलं हेच कळत नाही, म्हणून तो प्रसंग जिवंत आहे. तुमच्या संहितेतल्या दोन पत्रकारांचं नेमकं हेच झालं आहे. ते लोकशाहीवर बोलतात. त्यांना एक साधी, अडलेली, आजच्या आजच व्हायला हवी अशी गरज द्या.

पुढे २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटनं ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींवर निषेधाचा ठराव केला. त्याचं श्रेय श्रुतिकेला देऊ नये. सैन्यदलाशी घेतलेलं वैर, टेलिव्हिजनवर दिसलेलं वागणं आणि सिनेटमधली बदललेली गणितं ही त्याची कारणं. श्रुतिकेनं वेगळं काम केलं. तिच्या चोरट्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेत हातोहात फिरल्या. घराघरांत, ओळखीच्या लोकांत बसून ती ऐकली गेली. बाहेर ज्याचं नाव घ्यायची धास्ती होती, त्याची रीत लोक एकत्र बसून ऐकत होते आणि हसत होते. अशा काळात एकत्र हसणं ही मोठी गोष्ट असते आणि ते रेडिओच्या माणसांनी घडवलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता दुसरं उदाहरण, आणि इथे आपल्याकडचा एक धागा आहे. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत होते आणि भारतासाठी कार्यक्रम करत होते. मराठीसह काही भारतीय भाषांत भाषांतरित होऊन वाचली जाणारी वार्तापत्रं ते लिहीत. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्या विभागात त्यांच्या सहकारी होत्या. तेव्हा माईकपुढे वाक्य कसं पडतं याचा ऑर्वेलना चांगला सराव होता. युद्धानंतर त्यांनी स्वतःच्या 'ॲनिमल फार्म'चं रेडिओ रूपांतर केलं. शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून देतात आणि मग त्यांच्यातली डुकरंच सत्ता बळकावतात, अशी ती उपहासकथा. निर्माते रेनर हेपनस्टॉल, वाहिनी बीबीसीची थर्ड प्रोग्राम, प्रसारण जानेवारी १९४७ मध्ये.

ऑर्वेलच्या मते त्या कथेचा कलाटणीचा क्षण अगदी सुरुवातीचा आहे: डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवून घेतात तो. पुस्तकात वाचक तिथे थांबू शकतो, मागे जाऊ शकतो. रेडिओवर तो क्षण निसटेल हे ओळखून ऑर्वेलनं रूपांतरात इतर प्राण्यांच्या तोंडी चार छोटी वाक्यं घातली. सफरचंदं त्यांनीच घ्यायची हे बरोबर आहे का, आपल्याला काहीच नाही का, सारखी वाटणार होते ना, अशी. हेपनस्टॉल यांनी ती वाक्यं कापली.

या वादात मी पूर्णपणे ऑर्वेलच्या बाजूनं आहे. श्रुतिकेत जे ऐकू आलं नाही ते घडलंच नाही. पडद्यावर गप्प उभा असलेला शेतकरी कॅमेऱ्याला दिसतो, श्रुतिकेत गप्प असलेलं पात्र खोलीतून नाहीसं होतं. अन्याय झाला आणि कोणी काही बोललं नाही, हे दाखवायचं असेल तर कोणीतरी बोलायला सुरुवात करून थांबलेलं ऐकू यायला हवं. एक अर्धं वाक्य, तेही माईकपासून दूर. 'पण साहेब, ते तर...' आणि त्यावर दुसरा आवाज चढतो. त्याच कथेतल्या मेंढ्या आठवा. वाद रंगात आला की त्या एकच घोषणा बेंबें करत सुटतात आणि चर्चा बुडते. ध्वनीचा राजकीय वापर याहून नेमका सापडणं कठीण. तुमच्या श्रुतिकेत सभेचा प्रसंग आहे आणि तिथे तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या आहेत. टाळ्यांऐवजी एक तीन-चार शब्दांची घोषणा घ्या. पहिल्यांदा ती आनंदाची वाटू द्या. तिसऱ्यांदा ती बरोबर प्रश्नाच्या मध्यावर येऊ द्या. श्रोत्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

नक्कल करायचीच असेल तर आवाजाच्या पोतापेक्षा बोलण्याची बांधणी उचला. माणूस कुठे थांबतो, प्रश्नाला प्रश्नानं कसं उत्तर देतो, वाईट बातमी सांगताना कर्ता कसा गाळतो. आपल्या सरकारी मराठीत हा खजिना भरून वाहतो आहे. 'निर्णय घेण्यात आला', 'बाब निदर्शनास आणून देण्यात आली', 'उचित कार्यवाही करण्यात येईल'. कोणी घेतला, कोणी आणली, कोण करणार, याचा पत्ता नाही. यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं एखाद्या बाईचं घर पाडण्याच्या प्रसंगात वापरा, त्यात एक शब्दही फुगवू नका.

मी काय म्हणतो ते दिसावं म्हणून इथेच एक तुकडा लिहून दाखवतो. पडताळणी समितीची खोली, पंख्याची घरघर, कीबोर्डवर नोंद घेणारा कारकून.

अध्यक्ष: नाव?
साक्षीदार: दत्तात्रय रामचंद्र पाटील.
अध्यक्ष: यादीत आहे हे नाव.
साक्षीदार: साहेब, आमच्या तालुक्यात या नावाचे बरेच जण असतील.
अध्यक्ष: म्हणजे ओळखता तुम्ही त्यांना.
साक्षीदार: नाही साहेब.
अध्यक्ष: ओळखत नाही, मग बरेच आहेत हे कसं कळलं?
साक्षीदार: अंदाजानं म्हटलं.
अध्यक्ष: लिहून घ्या. साक्षीदाराकडे अंदाज आहे. अंदाज कुठून मिळाला ते सांगायला नकार.
साक्षीदार: नकार नाही साहेब, मी तर...
अध्यक्ष: नकार दिल्याचाही नकार. तेही घ्या.

हे मुद्रित करताना अध्यक्षाला अजिबात चढू देऊ नका. तो सौम्य हवा, दिवसभर काम करून थोडा दमलेला, साक्षीदाराबद्दल मनात राग नसलेला. त्याला माईकच्या जवळ बसवा, इतकं जवळ की कागद उलटतानाचा श्वास ऐकू येईल. साक्षीदार हातभर मागे, थोडा बाजूला. सत्ता कोणाकडे आहे हे श्रोत्याला अंतरावरून कळतं, आवाजाच्या उंचीवरून कळावं लागत नाही. कीबोर्ड हे तिसरं पात्र समजा. साक्षीदार एक ओळ बोलतो तेव्हा दोनच टकटक, अध्यक्ष एक शब्द बोलतो तेव्हा लांबलचक टायपिंग. काय लिहिलं जातंय याची धडकी त्या आवाजातच आहे. आणि कृपा करून हातोडा आपटू नका. अमेरिकेच्या सिनेट समितीत तो असतो. आपल्या न्यायालयांत आणि कचेऱ्यांत नसतो. आपल्याकडे टेबलावरची घंटी असते, दाराशी शिपायाचा पुकारा असतो, रबरी शिक्क्याचा दणका असतो. शिक्का तर फार बोलका आवाज आहे. पहिल्या प्रसंगात तो मन लावून मारलेला, शेवटच्या प्रसंगात एकामागून एक, न वाचता मारलेले.

साधनांची काळजी करू नका. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर टॉमी हँडली यांचा 'इट्स दॅट मॅन अगेन' हा विनोदी कार्यक्रम लागायचा. त्यात फुन्फ नावाचा जर्मन हेर टेलिफोनवरून धमक्या द्यायचा. जॅक ट्रेन तो आवाज काचेच्या पेल्यात बोलून काढायचे. बाँबहल्ल्यांच्या त्या काळात लोक घरी फोन उचलून फुन्फची नक्कल करायला लागले. ज्याची भीती वाटायची त्याला त्या पेल्यानं लोकांच्या हातात आणून दिलं.

शांततेबद्दल एक सूचना. रंगमंचावरची पाच सेकंदांची शांतता जड असते. श्रुतिकेतली पाच सेकंदांची कोरी शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय असं वाटून माणूस फोन बघतो. शांतता हवी असेल तर ती खोलीची ठेवा: पंखा, लांबचा हॉर्न, खुर्चीची कुरकुर. त्यासाठी मुद्रणाच्या दिवशी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर मुद्रित करून ठेवा, संकलनात फार उपयोगी पडतो. आणि एका प्रसंगात चारपेक्षा जास्त बोलणारे नकोत, त्यातही दोन तरुण पुरुषांचे आवाज सारख्या पट्टीतले नकोत. तुमचा सचिव आणि पहिला पत्रकार मला दोनदा ऐकूनही वेगळे करता आले नाहीत.

नावांचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: खरी नावं घेऊ नका, आणि 'लुटारूप्रसाद', 'खोटेसाहेब' अशी नावंही ठेवू नका. असं नाव सुनावणीआधीच निकाल देतं, मग श्रोत्याला करायला काही उरत नाही. पदं वापरा. आयुक्त, अध्यक्ष, माननीय. पद अनेकांना लागू होतं आणि श्रोता आपल्या मनातला चेहरा स्वतः लावतो. तो चेहरा तुम्ही लावलेल्या चेहऱ्यापेक्षा त्याला जास्त जवळचा असतो.

बंधनं तर या प्रकाराला जन्मापासून आहेत. बीबीसीच्या विनोदी विभागाच्या १९४८ च्या मार्गदर्शिकेत मंत्री, पक्षनेते आणि खासदार यांची व्यक्तिगत निंदा वर्ज्य होती. संसदेत पुढच्या चौदा दिवसांत ज्याची चर्चा होणार त्या विषयावर आधी बोलायचं नाही, असाही नियम तिथे १९५६ पर्यंत चालला. आकाशवाणीच्या आचारसंहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला आणि केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाची टीका निषिद्ध आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रसारित करता येतात. त्यामुळे आपल्या रेडिओवर राजकारण आलं ते घराच्या दारानं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक श्रुतिकामालेत बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी रोजच्या अडचणींवर बोलायचे. आवाज इतके ओळखीचे झाले होते की पात्रांची ओळख करून द्यावी लागत नसे. सौम्य प्रकार होता, पण त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. धोरण कितीही मोठं असो, ते स्वयंपाकघरात कोणत्या रूपानं पोचतं हे त्या तिघांना ठाऊक असायचं.

तुम्ही इंटरनेटवर ध्वनिमालिका म्हणून टाकणार आहात, तेव्हा आकाशवाणीची आचारसंहिता तुम्हाला लागू नाही. कायदा लागू आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १९६ समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं, पण म्हणून सगळं मोकळं झालं असं समजू नका. खऱ्या माणसानं न केलेला गुन्हा त्याच्या नावावर टाकणं आणि सत्तेच्या रीतीवर हसणं यांत मोठं अंतर आहे. संशय असेल त्या पानांवर मुद्रणाआधी वकिलाची नजर फिरू द्या.

आणि यंत्रानं बनवलेला नेत्याचा हुबेहूब आवाज वापरायचा विचार तुमच्या पत्रात एका ओळीत आला आहे. तो सोडून द्या. ड्रेनींचा आवाज ऐकणाऱ्याला आपण नाटक ऐकतोय हे माहीत होतं, आणि तासाभराच्या श्रुतिकेतून वीस सेकंद कापून गावभर पाठवण्याची सोय तेव्हा नव्हती. तुमचा तुकडा संदर्भाशिवाय फिरेल आणि कोणीतरी तो खरा मानेल. उपहासानं श्रोत्याचा कान तीक्ष्ण व्हायला हवा. फसवणुकीनं तो बोथट होतो, आणि उद्या खऱ्या मुद्रणालाही 'बनावट आहे' म्हणून झटकून टाकायची सोय त्याच नेत्याला मिळते.

आता तुमच्या संहितेकडे. पहिली साडेतीन मिनिटं मुख्यमंत्र्यांचं भाषण आहे, ते काढा. दुसऱ्या प्रसंगातली ती बाई, जिचा अर्ज तीन खिडक्यांवरून परत येतो, तिच्यापासून सुरुवात करा. मुख्यमंत्री दहाव्या मिनिटापर्यंत ऐकूच येऊ देऊ नका. त्यांच्या नावानं लोक कसे वागतात ते आधी येऊ द्या. नक्कल करणारा तुमचा मित्र गुणी आहे. त्याला मुख्यमंत्र्यांऐवजी खिडकीवरच्या कारकुनाचं काम द्या. वरिष्ठांच्या बोलण्याची ढब हळूहळू उचलत गेलेला कारकून. तीन खिडक्या, प्रत्येक खिडकीवर ती ढब थोडी जास्त. अशी नक्कल श्रोत्याला रोज भेटणाऱ्या माणसाची असेल आणि ती अर्धा तास पुरेल.

शेवट मात्र पूर्ण बदलावा लागेल. सध्या पत्रकार भाषण करतो आणि मुख्यमंत्री निरुत्तर होतात. सत्ता भाषणानं निरुत्तर होत नाही, हे श्रोत्याला अनुभवानं माहीत असतं. शिप यांचा चौकशी अधिकारी कोणाच्या युक्तिवादानं हरत नाही. सगळ्यांना खाली धाडून झाल्यावर त्याला 'वर'च्या सर्वोच्च अधिकाऱ्याचीच चौकशी करायची असते. त्याच्या तर्कानं ते अपरिहार्य आहे, आणि तिथेच त्याचा तोल जातो. वरच्या तुकड्यातली पडताळणी समिती तुम्ही घेतलीत, तर ती शेवटी कोणाला बोलावणार? यादीतली सगळी नावं संपल्यावर कारकुनाला पुढचं नाव वाचायचं आहे, कारण काम थांबवण्याचा आदेश कोणी दिलेला नाही. ते नाव कोणाचं हे आधी ठरवा, मग मागे येऊन प्रत्येक प्रसंगात त्या नावाकडे नेणारी एकेक नोंद पेरा.

नवी संहिता झाली की तिचं कच्चं मुद्रण मोबाइलवरच करा आणि संहिता न वाचलेल्या चार-पाच जणांना ऐकवा. त्यांच्यात एक तरी माणूस तुमच्या राजकीय मताच्या विरुद्ध असलेला हवा. कोण कुठे हसलं यापेक्षा 'आत्ता कोण बोललं?' असं त्यांनी कुठे विचारलं ते टिपून ठेवा. त्या जागा आधी दुरुस्त करा, विनोद नंतर बघू.